मत्स्यपेटीचा डबा : कॅनिस्टर फिल्टर निवडण्यापूर्वी

मे महिन्यात आम्ही दोघे एका लग्नासाठी दोन दिवस कोकणात गेलो होतो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. माशांना सकाळी चिमूटभर खाणे घालायचे, एवढेच काम त्यांच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली ती रात्री दहाच्या सुमारास आली. सात तास. वीज आल्यावर काकू सहज डोकावल्या, तर पेटीतले पाणी ताकासारखे झालेले आणि खोलीत सडक्या अंड्यांचा वास. सकाळपर्यंत सहापैकी चार गोल्डफिश तरंगत होते. त्यातला एक आमच्याकडे नऊ वर्षे होता.

काकूंनी धरून ठेवले की, आपण खाणे जास्त घातले. दुकानदारानेही फोनवर तेच सांगितले आणि वर एक निळे औषध सुचवले. मीही काही दिवस तसेच समजत होतो. पेटीखालच्या कपाटात गुरगुरणाऱ्या त्या गोल डब्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण तो चालू होता. तो चालू होता हेच त्या रात्रीचे कारण होते, हे कळायला मला बरेच वाचावे लागले. हा लेख त्या वाचनातून आला आहे. एखादा फिल्टर विकत घेण्यापूर्वी काय पाहावे, हा प्रश्न वरवर बाजारहाटीचा वाटतो. पण त्याच्या तळाशी दीडशे वर्षांचे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र आहे, आणि ते ठाऊक नसेल तर खोक्यावरचे आकडे वाचून उपयोग होत नाही.

काचेच्या पेटीत मासे दीर्घकाळ जिवंत ठेवण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाचा. १८४९ मध्ये त्याने एका भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तिला खत देतील, असा हिशेब. थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि भांडे स्थिरावले. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत मत्स्यपेटीचे वेड पसरवले. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे.

वॉरिंग्टनचा हिशेब प्राणवायू आणि कर्बवायूचा होता. त्यात एक पदार्थ निसटला होता : अमोनिया. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकत असतो. उरलेले खाणे आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. दोन माशांच्या भांड्यात वनस्पती तो शोषून घेत होती, म्हणून वॉरिंग्टनचे निभावले. मासे वाढवले असते तर निभावले नसते.

गंमत अशी की, निसटलेला तो दुवा शोधणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, त्यामुळे संदर्भग्रंथांतही बापलेकांची गल्लत होते. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी सावकाश सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट सापडू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम निव्वळ रसायनाचे नव्हते, कोणीतरी जिवंत ते करत होते. धाकट्या वॉरिंग्टनने इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हाच धागा पुढे नेला आणि दाखवले की, हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे आहेत. पण ते जीव त्याला वेगळे काढता आले नाहीत. पोषणाच्या जेलीवर वाढवू पाहिले की ते वाढतच ना. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने सेंद्रिय अन्न पूर्ण वगळून त्यांना वाढवले, तेव्हा ते हाती लागले. हे जीव अमोनिया जाळून त्याच ऊर्जेवर जगतात.

श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांची ती नळी डोळ्यांपुढे आणा. तिला दोन्हीकडे रबरी नळ्या जोडा आणि एक पंप बसवा. झाला कॅनिस्टर फिल्टर. नवी पेटी ‘बसायला’ महिना-दीड महिना का लागतो, याचे उत्तरही त्या वीस दिवसांत आहे. (दिवाळीच्या निमित्ताने एक अवांतर : फटाक्याच्या दारूतला सोरा पूर्वी गोठ्याच्या आणि जुन्या वस्तीच्या मातीतून काढत. त्या मातीत नायट्रेट तयार करणारे कामकरी ह्याच गोतावळ्यातले. म्हणजे मत्स्यपेटी आणि भुईनळा हे दूरचे नातेवाईक ठरतात.)

पुढची शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत दोन नावे ठरलेली होती. अमोनियाचे नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारा नायट्रोबॅक्टर. दुकानात मिळणाऱ्या ‘जिवाणूंच्या बाटल्यां’वरही अनेकदा हीच नावे असत. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्या तपासून दाखवले की, तिथे दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरा करतो. २००५ मध्ये सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनिया जाळणारा एक आर्किया वेगळा काढला गेला. आर्किया म्हणजे जिवाणूंहून निराळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. आणि २०१५ मध्ये व्हिएन्ना आणि नायमेखन इथल्या दोन गटांना दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. नायमेखनच्या गटाला तो मिळाला मत्स्यसंवर्धनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये. सव्वाशे वर्षांचे गृहीतक माशांच्या पाण्याच्या गाळणीने मोडले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता डब्याकडे वळू.

कॅनिस्टर म्हणजे झाकण घट्ट बसणारा, पाण्याने पूर्ण भरलेला डबा. तो पेटीच्या खाली, कपाटात राहतो. एका नळीतून पेटीतले पाणी आपल्या वजनाने त्यात उतरते, आत रचलेल्या थरांतून जाते आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या नळीने वर ढकलतो. हा प्रकार एकोणीसशे साठच्या दशकात जर्मनीतल्या आइहाइम कंपनीने रूढ केला आणि मूळ रचना अजून फारशी बदललेली नाही. एक गैरसमज इथेच काढून टाकू. पंपाला पाणी चार फूट ‘चढवावे’ लागते, म्हणून दणकट पंप हवा, असे दुकानात सांगतात. दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की, खाली येणाऱ्या पाण्याचे वजन वर जाणाऱ्या पाण्याला तोलून धरते. पंपाला लढावे लागते ते फक्त घर्षणाशी : नळीची लांबी, तिची वळणे आणि मुख्य म्हणजे आत साचलेला गाळ.

म्हणूनच खोक्यावरचा ‘ताशी १००० लिटर’ हा आकडा रिकाम्या डब्याचा समजावा. थर भरले, चार आठवडे गेले की तो बराच उतरतो. माझ्या डब्याचा साडेपाचशेपर्यंत खाली आला होता. मोजायची रीत सोपी आहे. बाहेर येणाऱ्या नळीचे तोंड पेटीतल्या पाण्याच्या पातळीला धरून खाली मापाचे भांडे धरायचे आणि घड्याळ लावायचे. एका मिनिटात दहा लिटर म्हणजे ताशी सहाशे. नळीचे तोंड खाली जमिनीवरच्या बादलीत सोडले तर मात्र वजनाचा फायदा मिळून प्रवाह फुगलेला दिसतो, आणि माणूस उगाच खूष होतो.

किती प्रवाह हवा? पेटीतले पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरावे, असा शौकिनांमध्ये रूढ ठोकताळा आहे. आमची पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने २५५ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरे पाणी २१० च्या आसपास. म्हणजे प्रत्यक्षात ८५० ते १२५० हवे, आणि खोक्यावरचा आकडा त्याहून बराच मोठा. पण ठोकताळा आंधळेपणाने लावू नये. फायटर मासा संथ पाण्यातला. त्याला जोराच्या धारेत ठेवले तर तो दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसतो. उलट केरळ-कर्नाटकातल्या वेगवान ओढ्यांतला डेनिसन बार्ब. त्याच्या वंशाला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ असे नाव मिळाले. त्याला धार हवीच. (शौकिनांसाठी त्याची इतकी पकड झाली की, तो आता धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. घ्यायचाच तर पैदाशीचा आहे ना, एवढे विचारून घ्यावे.) गोल्डफिश मध्ये कुठेतरी बसतो. धार सोसतो, पण घाण इतकी करतो की, त्याच्यासाठी प्रवाहापेक्षा डब्याची जागा महत्त्वाची.

माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे, आणि तो खोक्यावर बारीक अक्षरांत असतो : आत थर भरायला किती लिटर जागा आहे. ताशी प्रवाह सारखा असलेल्या दोन डब्यांपैकी मोठ्या पोटाचा घ्यावा. सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. जागा मोठी तर वस्ती मोठी, आणि गाळ साचायलाही उसंत.

त्या जागेत काय भरायचे, यावर बाजार सर्वाधिक पैसे काढतो. रचनेचा नियम साधा आहे. पाणी ज्या बाजूने शिरते तिकडे जाड भोकांचा स्पंज, मग बारीक स्पंज आणि शेवटी सूक्ष्मजीवांसाठीचा थर. बहुतेक डब्यांत पाणी खालून वर जाते, त्यामुळे जाड स्पंज तळाला येतो. हा क्रम उलटा झाला की, महागड्या चिनी मातीच्या कड्या महिन्यात चिखलाने भरतात. त्या कड्या आणि काचेचे सच्छिद्र गोळे यांच्या खोक्यावर पृष्ठभागाचे डोळे फिरवणारे आकडे असतात. पण अतिसूक्ष्म छिद्रांची तोंडे जीवांच्या थरानेच बुजतात आणि आत ताजे पाणी पोचत नाही. साधा स्पंज आणि भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, साबण न लागलेल्या, यांच्यावरही काम उत्तम चालते. मी आता तेच वापरतो. कोळशाचा थर कायम ठेवण्याचे कारण नाही. औषधाचा अंश किंवा रंग काढायला तो उपयोगी पडतो, पण काही आठवड्यांत भरून निकामी होतो.

आणि नायट्रेट? ते फिल्टर काढत नाही. ते पाणी बदलूनच जाते, किंवा थोडेफार वनस्पती घेतात. ‘हा डबा घेतलात की पाणी बदलावे लागत नाही’ असे सांगणाऱ्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे.

इथे आपल्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ते नसते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसे बाधत नाही, दुसरे कल्ले जाळते. कोणते किती, हे पाण्याचा सामू आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. तापमान ३० झाले तर सात टक्क्यांच्या पुढे. बोअरचे कठीण पाणी आणि एप्रिल-मे, असा योग आला की, तोच अमोनिया दहापटीहून जास्त घातक होतो. तेवढ्यात प्राणवायूही आटतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि फिल्टरमधल्या वस्तीला तो माशांइतकाच हवा असतो. अमोनियाच्या रूपातला एक ग्रॅम नायट्रोजन पूर्ण जाळायला साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. शिवाय ही क्रिया पाण्यातला क्षार खाते. धरणाच्या मऊ पाण्यात, पाणी फार दिवस न बदलल्यास, सामू हळूहळू घसरतो आणि सूक्ष्मजीव मंदावतात. बोअरच्या पाण्याला ती भीती कमी. म्हणजे एकाच शहरात नळाच्या आणि बोअरच्या पाण्यावर वाढवलेल्या दोन पेट्यांचे दुखणे वेगवेगळे असू शकते.

नळाच्या पाण्याची दुसरी भानगड क्लोरीन. डबा साफ करताना स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळणे हा आपला संस्कार. त्यात महिनोन्‌महिने जमलेली वस्ती धुऊन जाते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळावा आणि कळकट राहिला तरी राहू द्यावा. सगळे थर एकाच दिवशी धुऊ नयेत. वस्ती दगावली की आधी अमोनिया चढतो, मागोमाग नायट्राइट. नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक बिघडवतो, मासा पाण्यावर येऊन तोंड मारू लागतो. अशा वेळी पाणी बदलावे आणि थोडे साधे मीठ घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. निळे औषध नको.

आता वीज. या डब्यातले पंप चुंबकी असतात आणि त्यांचा वेग वीजप्रवाहाच्या आवर्तनांना बांधलेला असतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेला डबा इथे दाब बदलणारे यंत्र लावून चालवला, तरी तिथल्या साठऐवजी इथे पन्नास आवर्तने असल्याने तो सावकाशच फिरतो. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात. साइन लहरीचा इन्व्हर्टर असेल तर वीस वॉटचा डबा त्याच्यावर ओझे नाही. बिलाच्या दृष्टीनेही वीस वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आसपास.

गळतीचे पाहून ठेवावे. झाकणाच्या रबरी कड्याला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. व्हॅसलीनने काही रबर फुगते. सुटे कडे बाजारात मिळते का, हे डबा घेण्यापूर्वीच विचारावे. अनेक बरे डबे केवळ दोन रुपयांच्या रबरासाठी अडगळीत गेलेले मी पाहिले आहेत. डब्याची वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे नळीवरून ओघळलेले पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते. आणि बाहेर येणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक बारीक भोक ठेवावे. नळी निसटली तरी त्या वाटेने सगळी पेटी जमिनीवर रिकामी होणार नाही.

साठ-सत्तर लिटरच्या पेटीला यातले काहीच लागत नाही. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरे. शिवाय वीज गेली तरी तो उघड्या पाण्यात असतो, आणि हे त्याचे मोठेच भाग्य.

कारण त्या मे महिन्यात नेमके हे झाले होते. वीज गेली आणि बंद डब्यातले पाणी थांबले. आतल्या वस्तीने उरलासुरला प्राणवायू संपवला. त्यानंतर गाळात प्राणवायूशिवाय जगणारे जीव कामाला लागले आणि सडक्या अंड्यांचा तो वायू तयार झाला. वर पेटीतले मासेही एकतीस अंशांच्या पाण्यात धापा टाकत असणार. दहा वाजता वीज आली, पंप आपोआप सुरू झाला आणि सात तास कुजलेले पाणी, मेलेल्या वस्तीसकट, त्याने एका दमात पेटीत ओतले. चिमूटभर जास्त खाण्याने हे होत नाही.

हे सगळे मी काकूंना सांगायला गेलो तेव्हा दिवाळीची भाजणी चालली होती. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग तेव्हा मी काय करायला हवं होतं?”

“काही नाही, काकू. वीज गेली तेव्हा एक बटण बंद करायचं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

आता त्या बटणावर कागद चिकटवला आहे. वीज गेली की बटण बंद. तासाभरात आली तर पुन्हा चालू. त्याहून उशीर झाला तर डब्याच्या तोट्या बंद करून तो मोरीत न्यायचा, आतले पाणी ओतून टाकायचे, स्पंज पेटीतल्या पाण्याच्या बादलीत ठेवायचे. सेलवर चालणारा एअर पंप कपाटात डावीकडे आहे, तो पेटीत सोडायचा. अक्षर काकूंचे आहे.